चष्म्याच्या डबीत बारा दिवस

मी एक जुना थर्मामीटर आहे. तापाचा नव्हे, माशांच्या टँकमधला. बोटभर काचेची नळी, आत लाल द्रावाची बारीक रेघ, मागे शून्यापासून पन्नासपर्यंत आकडे छापलेली कागदाची पट्टी आणि काचेला चिकटायला रबराची एक वाटी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. कुणी त्यांना मोडलं, फेकलं, तरी त्या त्याला आशीर्वादच देतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला एका माणसाने चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं. मला त्याचा सूड हवा होता आणि तो मला मिळाला. तो कसा मिळाला, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. नळीत द्राव भरला, तोंड वितळवून बंद केलं आणि आम्हा सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात उभं केलं. ज्याची रेघ शून्यावर थांबली नाही त्याला तिथेच टोपलीत टाकलं. मी थांबलो. त्यामुळे खरं बोलणं ही काही माझी थोरवी नाही. मला दुसरं काही येतच नाही. म्हणूनच तो शब्द मला इतका झोंबला.

कारखान्यातून मी शिरूरच्या बाजारात साहेबरावांच्या दुकानात आलो. पोपटाची बी, कुत्र्यांचे पट्टे, रंगीत मासे, सगळं त्या एका गाळ्यात. मी पुठ्ठ्याच्या कार्डावर, खिळ्याला टांगलेला होतो. सात-आठ महिने माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लोक मासे न्यायचे, रंगीत दगड न्यायचे, तोंडातून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची मगर न्यायचे. पाणी किती गरम आणि किती गार, हे विचारायची गरज कुणाला वाटायची नाही. पंधरा दिवसांनी तेच लोक नवे मासे न्यायला पुन्हा यायचे.

मग एक दिवस एलिझाबेथ सिस्टर आल्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नर्सचं काम केलं होतं, त्यातली शेवटची अकरा वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणून. निवृत्त झाल्यावर घर फार शांत वाटायला लागलं म्हणून त्या मासे पाळणार होत्या. त्यांनी आधी मासे नाही पाहिले, मला पाहिलं. कार्डावरून काढलं आणि सवयीने दोन जोरदार झटके दिले.

"सिस्टर, ह्यो तापाचा न्हाई," साहेबराव म्हणाले. "ह्याला झटकायचं काम न्हाई."

"व्हय का? मग बरंच हाय. जन्मभर झटकून खांदा गेला माझा."

मग त्यांनी एकेका माशाची चौकशी सुरू केली. याला पाणी किती लागतं, याची भांडायची खोड आहे का, हा तळाला राहतो की वर, एकटा जगतो की घोळक्यात. साहेबराव कंटाळले. सगळे एकत्र राहतात, असं त्यांनी सांगून टाकलं.

"साहेबराव, गोवर आलेलं पोर आन् पाय मोडलेला म्हातारा मी एका खोलीत ठेवला असता, तर तुम्ही मला काय म्हणला असता?"

मग साहेबराव खरं सांगायला लागले. गोल्डफिशला पाणी गार लागतं, वीस-बावीसचं. शिवाय तो वाढला की बारीक माशांना गिळतो. टायगर बार्ब दिसायला छान, पण दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. सिस्टरनी दोघांनाही नको म्हटलं. त्यांनी घेतले आठ निऑन, कारण ते घोळक्यातच खूश असतात. चार कोरी, तळाशी वाळूत नाक घालून राहणारे. आणि मध रंगाची एक गोरामी, स्वभावाने गरीब, छातीखाली दोन लांब मिशा असलेली. या सगळ्यांना पंचवीस-सव्वीस चालतं, आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. पाणी एक, स्वभाव एक. मित्रांनो, इतकं साधं आहे ते, पण साधं असतं तेच माणसांना जड जातं.

गोरामीचं नाव त्यांनी मावशी ठेवलं. दवाखान्यातल्या मावशी जशा वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी थांबत जातात, तशी ती मिशांनी चाचपत टँकचा कोपरा न् कोपरा हिंडायची. फिरता फिरता माझ्यापाशीही यायची. एक मिशी माझ्या नळीवर टेकवायची, क्षणभर थांबायची आणि पुढे जायची. मला कुणी एवढ्या आपुलकीने कधी शिवलं नव्हतं. तिच्यावर माझा जीव होता, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सिस्टर सकाळी प्रार्थना झाली की टँकसमोर यायच्या, वाकून डोळे माझ्या रेघेच्या रेषेत आणायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "पंचवीस. ठीक." संध्याकाळी पुन्हा तसंच. पाच वर्षं त्यांनी एक वेळ चुकवली नाही. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेच. कुणीतरी आपल्याकडे नीट पाहतं आणि आपण सांगितलेलं खरं मानतं, याहून एखाद्या मोजणाऱ्या वस्तूला आणखी काय हवं असतं?

साखरेच्या आजाराने सिस्टरचे डोळे अधू केले. आधी माझे आकडे धूसर झाले, मग रेघ दिसेना. जाड भिंगांचा चष्मा आला, तो दिवसभर नाकावरच. मग त्यांचा मुलगा जॉय शिरूरला आला आणि त्यांना, टँकला आणि आम्हा सगळ्यांना दौंडला घेऊन गेला. मासे पिशव्यांत, मी सिस्टरच्या पर्समध्ये.

दौंडचं घर रेल्वे लाइनीजवळ होतं. मालगाडी गेली की टँकमधलं पाणी थरथरायचं. जॉय कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. माणूस टापटिपीचा, बुटांना रोज पॉलिश करणारा, कुणी उलट बोललं की नाकपुड्या फुगवणारा. त्याची बायको ब्लेसी शांत होती. सासूला ती दोन्ही वेळा माझा आकडा वाचून दाखवायची.

पहिल्याच आठवड्यात जॉयने टँकशेजारी खिळा ठोकून एक पॅड लटकवलं. त्यावर कागद. कागदावर रकाने: तारीख, वेळ, तापमान, सही.

"आमच्या प्लांटला असंच असतं, आई," तो म्हणाला. "लॉगशीट असली की कुणाच्या बोलण्यावर जायचं काम न्हाई. कागद बोलतो."

सिस्टर मनापासून खूश झाल्या. मीही झालो. आपला आकडा कागदावर चढणार, याचा मला अभिमानच वाटला. पहिल्या रविवारी जॉय पॅड घेऊन खुर्चीवर बसला, माझ्याकडे पाठ करून, आणि आठवड्याचे सगळे आकडे एका दमात लिहून मोकळा झाला. पुढच्या शनिवारपर्यंतचे. सह्यांसकट.

मी थक्क झालो. त्याच्या कंपनीतले सगळेच असं करत असतील असं मी म्हणणार नाही. जॉय करायचा आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटायचं नाही. पाणी उबदार ठेवणाऱ्या हीटरची डायल चोवीसवर आहे ना? मग पाणी चोवीसच असणार, मग कागदावर चोवीस. मी तिथे कशाला होतो, हे त्यालाच ठाऊक.

चोवीस का, तेही सांगतो. टँक रिकामा दिसतो म्हणून त्याने एका संध्याकाळी दोन गोल्डफिश आणि पाच टायगर बार्ब आणले. सिस्टरनी आवाजावरूनच ओळखलं की पिशव्यांत काहीतरी नवं आहे. कुठले मासे ते कळल्यावर त्या कळकळीने म्हणाल्या, "अरे, गोल्डफिशला गार पाणी लागतं. आपल्यांना ऊब लागती. आन् ते बार्ब माझ्या मावशीला जगू द्यायचे न्हाईत."

"त्याला बावीस, ह्यांना सव्वीस. मधला आकडा काढला की झालं. चोवीस."

"म्हंजी दोघंबी निम्मे आजारी."

तो हसला. चार दिवसांत बार्बांनी मावशीच्या मिशा कुरतडून निम्म्या केल्या. ती कोपरे हिंडायची थांबली. माझ्यापाशी यायची तीही थांबली, कारण टेकवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. जॉयवरचा माझा राग तिथून सुरू झाला.

मग ख्रिसमस आला. दारावर कागदाचा मोठा तारा लागला, आत बल्ब. त्याची वायर खिडकीतून आत आणून टँकमागच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावली होती, हीटरचा प्लग होता त्याच बोर्डाला. फराळाला चर्चची मंडळी आली, जॉयचा कंपनीतला सोबती संपत आला. करंज्या, गुलाबकेक, चहा, सगळं भरभरून चाललं होतं. आणि इकडे टँकमध्ये हीटरचं आतलं बटण अडकून बसलं होतं. डायल चोवीसवर, पण तो तापतच राहिला होता. माझी रेघ तीसवर चढली. गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते.

सिस्टर सहज टँकजवळ आल्या आणि त्यांनी पाण्यात बोटं घातली.

"जॉय, पाणी तीसला गेलंय."

ब्लेसीने वाकून पाहिलं. "व्हय, तीसच हाय."

सगळ्यांच्या नजरा जॉयकडे. आपल्या घरात, पाहुण्यांसमोर, आपला कागद चुकीचा ठरतो आहे हे त्याला सहन झालं नाही. त्याने पॅड काढून संपतच्या हातात दिलं.

"बघ. चोवीस, चोवीस, चोवीस. डायलबी चोवीसवर. आता आईला दिसत न्हाई, ब्लेसीला वाचता येत न्हाई, आन् ह्यो थर्मामीटर हाय खोटारडा. मी कुणाचं ऐकू?"

संपत हसला. मंडळीतले दोन-चार जणही हसले, वाईट हेतूने नव्हे, यजमान हसला म्हणून. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी ओली बोटं पदराला पुसली. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो तापमानं वाचली होती आणि एकदाही कुणी त्यांना चुकीचं वाचलं असं म्हणालं नव्हतं. आज ते पोटच्या पोराने म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गोल्डफिश उलटे झाले. निऑनमधले तीन गेले.

दुसऱ्या दिवशी जॉयने गुपचूप नवा हीटर आणला, सव्वीसवर लावला आणि जो भेटेल त्याला सांगितलं की आईच्या जुन्या थर्मामीटरमुळे मासे दगावले. सिस्टरनी मला वाटीभर बर्फाच्या चुऱ्यात उभं केलं. ब्लेसीने वाचलं, शून्य. जॉय म्हणाला, "बर्फात कुणीबी शून्य दाखवील."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात आलं की या माणसाला कधीतरी मान खाली घालायला लावायची. त्याच लोकांसमोर. नळीतल्या द्रावाला मन नसतं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

आणि सिस्टरच्याही मनात तेच होतं. एक तारखेला, नव्या वर्षाची उपासना करून सगळे घरी आले. जॉयने तारा उतरवला, बोर्डाचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि दुपारच्या शिफ्टला निघून गेला. तो गेल्यावर सिस्टर चाचपडत टँकजवळ आल्या. त्यांनी मला काचेवरून सोडवलं, पुसलं आणि आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. डबी रिकामीच असायची.

ब्लेसीने पाहिलं. "आई, हे काय?"

"वॉर्डात एक पोरगी व्हती," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटला हात न लावता चार्ट भरायची. मी तिला बोलले न्हाई. एका रात्रपाळीला वॉर्डातले सगळे थर्मामीटर काढून माझ्या कपाटात ठेवले. सकाळी बघते तर बावीसच्या बावीस चार्ट भरलेले."

"मग?"

"मग ती पुन्हा कवाच लबाडी करायला धजली न्हाई."

"अहो, पण त्यांना सरळ सांगून टाका ना."

"तू सांगितलंस, मी सांगितलं. काय म्हणला? एकीला दिसत न्हाई, दुसरीला वाचता येत न्हाई. आता वाचायलाच काय न्हाई. लिहू दे त्याला. बाराला आपल्याकडं प्रार्थना हाय, सगळे येतील. तवर तू बी बोलायचं न्हाई."

डबीचं झाकण बंद झालं. आत मखमलीचा तुकडा होता, सिस्टरच्या स्वेटरच्या खिशाची ऊब होती. माझी रेघ तिसाच्या आसपास निवांत पडून असायची. मित्रांनो, तुम्हाला काय सांगू, ते दिवस मी फार मजेत काढले. रोज संध्याकाळी ब्लेसी हळू आवाजात सांगायची, "आजचं सव्वीस. सही केलीय." सिस्टरचा खिसा हलायचा, म्हणजे त्या हसायच्या. मीही हसायचो. काचेवर माझ्या रबरी वाटीचा गोल, शेवाळ न धरलेला डाग उघडा पडला होता. जॉय रोज त्याच्यासमोर उभा राहून भांग पाडायचा आणि त्याला तो दिसत नव्हता. प्रत्येक खोट्या आकड्यागणिक माझा आनंद वाढत होता. लिही लेका, लिही, असं मी म्हणत होतो. आणखी एक लिही.

त्याला संशय नको म्हणून सिस्टर टँककडे फिरकल्याच नाहीत. पाण्यात बोटं घातली नाहीत. थंडी त्या वर्षी कडक होती. सकाळी नळाच्या पाण्याने हात बधिर होतात असं ब्लेसी म्हणायची.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "मावशी खाईना. खाली बसून राहती."

"थंडीचं सगळेच बसत्यात. त्या बार्बांना घाबरली असंल."

नवव्या दिवशी म्हणाली, "तिच्या अंगावर पांढरं काहीतरी दिसतंय. मीठ भुरभुरल्यावानी. आई, थर्मामीटर घालू का परत? बघू तरी किती हाय."

सिस्टरचा हात खिशावर आला. डबीवरून बोटं फिरली. चौतीस वर्षांची नर्स आतून काहीतरी सांगत होती त्यांना. मी खरं सांगतो, त्या वेळी मी काय मागितलं ते. मला बाहेर जायचं नव्हतं. तीन दिवस राहिले होते फक्त.

"रविवारपर्यंत थांब," सिस्टर म्हणाल्या.

रविवार उजाडला. चर्चमधून मंडळी थेट घरी आली. गायन झालं, प्रार्थना झाली, चहा झाला. जॉयला शिफ्टला न्यायला संपत आला होता, तोही कप घेऊन टेकला. ख्रिसमसला हसलेले सगळे चेहरे खोलीत हजर होते. सिस्टरनी कप खाली ठेवला.

"जॉय, आज पाणी किती हाय?"

"सव्वीस."

"लिहिलंस?"

"सकाळीच."

"एक तारखेपासनं वाच बरं. मोठ्यानं वाच."

त्याने पॅड काढलं आणि वाचायला लागला. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. सकाळ आणि संध्याकाळ. वाचता वाचता तो आजच्या ओळीवर आला आणि तिथे अडखळला, कारण आजच्या संध्याकाळचाही आकडा लिहिलेला होता, आणि अजून दुपारचा एक वाजत होता.

सिस्टरनी खिशातून डबी काढली, उघडली आणि मला त्या कागदावर ठेवलं.

"ह्यो बारा दिवस माझ्या खिशात हाय. तू काय बघून लिहिलंस?"

जॉयचे कान लाल झाले. तो टँककडे पाहत राहिला आणि काचेवरचा तो गोल डाग त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. संपतने नजर चपलांकडे वळवली; त्यालाही स्वतःच्या लॉगशीटा आठवल्या असतील. पास्टरसाहेब घसा खाकरून म्हणाले की निघायला हवं. मी त्या कागदावर, सव्वीसच्या त्या चोवीस नोंदींच्या छातीवर आडवा पडलो होतो आणि जॉयची खाली गेलेली मान डोळे भरून पाहत होतो. मी जिंकलो होतो. आम्ही दोघं जिंकलो होतो. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

"ब्लेसी, घाल त्याला आत," सिस्टर म्हणाल्या, "आन् खरा आकडा सांग सगळ्यांना."

ब्लेसीने मला पाण्यात सोडलं.

माझी रेघ पडायला लागली. सव्वीस मागे गेलं. चोवीस गेलं. बावीस गेलं. मी थांबायची वाट पाहत होतो आणि थांबत नव्हतो. वीस. एकोणीस. सतरावर जाऊन मी टेकलो. तिथून मला वाळू दिसली, आणि वाळूत कुशीवर पडलेली मावशी.

"सतरा," ब्लेसीने वाचलं.

जॉय गुडघ्यांवर बसला आणि टँकमागे हात घातला. हीटरचा दिवा बंद होता. बोर्डाचं बटण बंद होतं. एक तारखेला ताऱ्याबरोबर त्यानेच ते बंद केलं होतं आणि त्यानंतर ते कुणी चालू केलं नव्हतं. बारा दिवस. मी पाण्यात असतो तर पहिल्याच संध्याकाळी ब्लेसीने वाचलं असतं, एकवीस. सिस्टर ताडकन उठल्या असत्या. पाच मिनिटांत बटण चालू झालं असतं. जॉयने खोटं लिहिलं असतं तरी चाललं असतं, त्याचं खोटं कागदावर पडून राहिलं असतं आणि मासे पोहत राहिले असते.

माझा आनंद तिथेच संपला.

मंडळी गेली. संपत एकटाच कामाला गेला. जॉयने बटण चालू केलं आणि हीटर एकदम तिसावर फिरवायला गेला, तर सिस्टरनी त्याचा हात धरला. "हळू. तीन तासाला एक. घाई केलीस तर ऊबच मारील तिला." मग त्या टँकशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "किती?" आणि जॉय वाकून, डोळे माझ्या रेषेत आणून सांगायचा. साडेसतरा. अठरा. एकोणीसला अजून थोडं कमी. त्याने एकही आकडा चुकीचा सांगितला नाही. मी साक्षीला आहे. पण तो आकडा सांगायचा तेव्हा सिस्टर ब्लेसीकडे मान वळवायच्या आणि ब्लेसी हळूच "व्हय" म्हणायची. जॉयला ते दिसायचं. तो पुढच्या आकड्यासाठी पुन्हा वाकायचा.

बार्ब काही मेले नाहीत. ते गारठ्यातही टिकले, हे मला फार खुपलं.

सकाळी मावशीचे कल्ले हलायचे थांबले. जॉयने जाळीने तिला अलगद उचललं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. सिस्टरनी तिच्यावरून अंगठा फिरवला. छातीखालची ती दोन आखूड खुंटं चाचपली. बराच वेळ त्यांनी हात मिटला नाही.

"बावीस असंल पाणी," त्या म्हणाल्या.

जॉय वाकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, इतक्या जवळून की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"बावीस, आई. बरोबर बावीस."

ख्रिसमसपासून सिस्टरना हेच ऐकायचं होतं. आपण चुकत नाही, हे त्याने आपल्या तोंडाने म्हणावं. त्याने म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि त्या मावशीला हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

मित्रांनो, मी आजही त्याच टँकमध्ये आहे. बार्ब गेले, ज्याचे होते त्या दुकानात परत. जॉय रोज दोन वेळा मला वाचतो आणि जे दिसेल ते लिहितो. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हेही तुम्हाला सांगतो, कारण मला खोटं सांगता येत नाही. तुम्ही मासे पाळाल तर आधी त्यांचं पाणी आणि स्वभाव जुळवा. आणि माझ्यासारखा एखादा टँकमध्ये लावाल तर रोज त्याच्याकडे पाहा. कुणाला धडा शिकवायचा असला तरी त्याला पाण्याबाहेर काढू नका, त्याने स्वतः मागितलं तरी काढू नका. बारा दिवस जॉय न बघता लिहीत होता. पाहणारा मी होतो, आणि मी खिशात उबेला पडून हसत होतो.